माथ्यावरची भेग

माझे वजन एकशे बारा किलो भरले. हे मी अंदाजाने सांगत नाही, मित्रांनो. मागच्या वर्षी माझे सगळे भाग सुटे करून एकेक वजनकाट्यावर ठेवला गेला, वहीत आकडे लिहिले गेले आणि बेरीज झाली, तेव्हा हे कळले. त्यात जवळजवळ तीन किलो नुसता गंज होता. तो आता माझ्या अंगावर नाही. म्हातारपणी का होईना, मी थोडी बारीक झाले याचा मला आनंद आहे.

मी बिडाची शेगडी आहे. चांगली जुनी, पंचाहत्तरीच्या पुढची. मला चार आखूड, बाहेर वाकलेले पाय आहेत. पुढे एक दार, दाराखाली राखेचा खण, पाठीमागे धुराड्याची नळी. वरच्या सपाट भागाला मी माझा माथा म्हणते. त्यात दोन गोल भोके आहेत आणि त्यांवर दोन झाकणे. माझ्यावर नक्षी अशी फारशी नाही. दारावर एक पाच पाकळ्यांचे फूल आहे, तेही साचा करणाऱ्याने हौसेने कोरलेले. त्याची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा जाड आहे.

माझा जन्म ओतशाळेत झाला. ओलसर वाळू ठासून माझे साचे केले. माथ्याचा एक, दाराचा एक, पायांचे चार. मग भट्टीतून पळीपळीने वितळलेले लोखंड आणून त्यात ओतले. लोखंड म्हटले की तुम्हाला खिळा आठवतो. तो वाकतो, पण तुटत नाही. बिडाचे तसे नाही. बिडात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ते साच्यात पाण्यासारखे पसरते, पण थिजल्यावर ठिसूळ होते. दाब मी कितीही सोसते. माझ्यावर बैल उभा करा, मी हूं की चूं करणार नाही. पण ताण मला सोसत नाही. एका बाजूने मला ओढ बसली की मी तुटते. माणसांतही असे काही असतात, असे मी ऐकून आहे.

ओतशाळेतून मी निघाले ती थेट एका बाइंडिंगच्या दुकानात आले. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. एका भिंतीला कागदांची चळत, दुसरीला पुठ्ठे, मधोमध लाकडी शिकंजा, म्हणजे पुस्तके दाबून धरण्याचे यंत्र. खिडकीशी फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायचे बाकडे. बाइंडिंगच्या कामाला ओल हा शत्रू आहे आणि फार कोरडेपणा हाही शत्रू आहे. ओल असली की कागद फुगतो, कोरडे झाले की पुठ्ठे तव्यावरच्या पापुद्र्यासारखे वळतात. मला तिथे आणले ते या दोघांच्या मध्ये उभे राहण्यासाठी.

माझे दुसरे काम सरस गरम ठेवण्याचे होते. पुस्तकाची पाठ चिकटवायचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतो. तो रात्रभर पाण्यात भिजवतात आणि सकाळी गरम करतात, पण थेट विस्तवावर नाही. मोठ्या भांड्यात पाणी, त्या पाण्यात छोटे भांडे, छोट्या भांड्यात सरस. तो बोटाला चटका बसेल न बसेल इतकाच तापवायचा. उकळला की त्याचे बळ गेले. हे सगळे मी सांभाळत असे. सकाळी थंडीत दुकान उघडले की पहिला हात माझ्या दारावर पडे. गिऱ्हाइकेसुद्धा आपले काम विसरून माझ्याशेजारी उभी राहत. एक शिक्षक तर एकच वही तीनदा शिवायला घेऊन आले होते. मालक म्हणत, याला वही नको आहे, शेगडी हवी आहे.

त्या मालकांना दोन मुले होती. मुलगा मोठा, मुलगी सहा वर्षांनी धाकटी. दोघे माझ्यापाशी बसून अभ्यास करीत आणि अभ्यास नको झाला की सरसाची भांडी ढवळीत. मुलगा कातड्यावर सोनेरी अक्षरे उमटवायला शिकला. मुलीचा हात पाठीला सरस लावण्यात बसला. वाटते तितके ते सोपे नाही. सरस कमी लागला तर पाने सुटतात, जास्त लागला तर पाठ ताठ होते आणि पुस्तक उघडत नाही. ती ब्रश एकदाच बुडवी, भांड्याच्या काठाला एकदाच निथळी आणि पाठीवरून एकदाच फिरवी. मालक बाहेरच्या माणसांना सांगत, माझी पुस्तके मान मोडल्याशिवाय उघडतात ती या पोरीमुळे.

पुढे तीच पोर एका मुलीची आत्या झाली. त्या मुलीची ओळख थोड्या वेळाने करून देते. घरात आज सगळे तिला आत्याच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आत्या एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मालक अंथरुणाला खिळले होते. दुकान पहिल्यांदाच तिच्या दादावर येऊन पडले होते आणि तो अवघा पंचवीस वर्षांचा. कुठल्याशा कचेरीच्या जाडजूड नोंदवह्या शिवून तयार होत्या आणि सगळ्यांच्या पाठी त्याच सकाळी चिकटायच्या होत्या. थंडी कडक होती. दादाने मला नेहमीपेक्षा जास्त पेटवले होते. मोठ्या भांड्यातले पाणी आटले. सरस जळेल म्हणून आत्याने हाताला लागेल तो तांब्या उचलला आणि भांड्यात गार पाणी ओतले. गडबडीत थोडे पाणी भांड्याबाहेर माझ्या माथ्याच्या उजव्या कडेवर पडले.

टण् असा आवाज झाला. तो माझाच होता.

दादा धावत आला. त्याने पाहिले की माझ्या माथ्यावर, डाव्या भोकापासून डाव्या कडेपर्यंत, एक लांब भेग गेली आहे आणि त्याची बहीण तांब्या घेऊन उभी आहे. तो म्हणाला, "तुझ्या हातात लोखंडसुद्धा टिकत नाही."

आत्याने तांब्या खाली ठेवला. त्या दिवशीच्या सगळ्या वह्यांच्या पाठी तिने पुऱ्या केल्या, हात धुतले, पुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सरसाच्या भांड्याला हात लावला नाही. काही महिन्यांनी तिने टपाल कार्यालयात नोकरी धरली. का, असे कुणी विचारले तर ती हसून सांगे की तिथे नुसती पत्रे असतात, पडली तरी फुटत नाहीत.

मित्रांनो, आता मला एक कबुली दिली पाहिजे. जन्माची हकीकत सांगताना मी एक गोष्ट गाळली. आपल्या जन्मातला दोष कोण आपल्या तोंडाने सांगतो? पण तो सांगितल्याशिवाय पुढचे तुम्हाला कळणार नाही.

माझा माथा ओतताना लोखंड साच्यात दोन बाजूंनी सोडले होते. एका बाजूचा ओतारी क्षणभर थांबला. त्याला शिंक आली होती. दोन्हीकडून आलेले प्रवाह डाव्या भोकाजवळ भेटले, तेव्हा एकाच्या तोंडावर साय धरली होती. ते एकमेकांना टेकले, पण एकजीव झाले नाहीत. बोटाच्या दोन पेरांएवढी जागा अशीच राहिली, तीही खालच्या बाजूने. वरून कुणाला दिसली नाही. वरून काळे पॉलिश फासले गेले आणि मी विकली गेले.

म्हणजे मी अर्धी फुटकी जन्मले होते. आत्याचे पाणी हे निमित्त झाले. आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होते. मला दार आहे, पण तोंड नाही.

दादाने मला दुरुस्त केले. कसे, ते ऐका. तो बाइंडर होता, त्यामुळे त्याने मला पुस्तकासारखे दुरुस्त केले. सरसात लोखंडाचा कीस आणि राख कालवून त्याने भेग भरली. खालून मलमलीची पट्टी चिकटवली, फाटक्या पुस्तकाच्या पाठीला चिकटवतात तशी. वर पुठ्ठा ठेवून त्यावर दगड रचले आणि मला चोवीस तास दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी पेटवल्यावर मलमल जळाली, सरस जळाला आणि तीन दिवस दुकानात अशी घाण सुटली की त्या शिक्षकांनीसुद्धा यायचे बंद केले. मग त्याने भेग पुन्हा भट्टीच्या मातीने लिंपली, यावेळी खालून-वरून जाड थर दिला. मला त्याचा राग आला नाही. ज्याला जे येते तेच माणूस करतो. पण त्या लेपाखाली माझा जन्मदोष झाकला गेला. भेग कुठून सुरू झाली हे पाहायला आता कुणाला जागाच उरली नाही.

दादाचा तर्कही बाइंडरचाच होता. कागद फाटतो तो कडेपासून, जिथे हात लागतो तिथून. म्हणून भेगही कडेपासून, पाणी पडले म्हणून, आत गेली असे तो धरून चालला. लोखंड कागदासारखे फाटत नाही, हे त्याला कोण सांगणार?

पुढे तेरा वर्षे मी काम केले. थोडा धूर भेगेतून येई, पण ऊब कमी झाली नाही. मालक गेले, दादा स्वतः मालक झाला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. मग विजेचा हीटर आला आणि मला मागच्या पडवीत हलवले. तिथे माझ्या माथ्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. दिसायला ते बरे दिसे. पण कुंड्यांना रोज पाणी घालत, ते खालून झिरपे आणि माझ्यावर साचून राही. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काय होते ते तुम्ही शाळेत शिकला असाल. मी ते अठ्ठावीस वर्षे अनुभवले.

पडवीतून मला घर ऐकू येई. आत्या दोन गल्ल्या पलीकडे राहत असे आणि दर रविवारी येई. भांडण असे कधी झालेच नव्हते, त्यामुळे समेट करायलाही काही नव्हते. फक्त एक विनोद घरात रुळला होता. कप फुटला, बरणीचे झाकण निसटले, खुर्चीचा पाय मोडला, की कुणीतरी विचारी, आत्या येऊन गेली का? आत्या घरात असली तर तीही हसे. पण मी नीट ऐकत असे, मित्रांनो. तिचे हसू बाकीच्यांच्या हसण्यापेक्षा एका श्वासाने उशिरा येई. दुकानात आली की ती दाराजवळच्या खुर्चीवर बसे आणि हात मांडीवर ठेवी. कामाच्या एकाही वस्तूला तिने एवढ्या वर्षांत स्पर्श केला नाही.

आता त्या मुलीची ओळख. दादाची मुलगी, आत्याची भाची. लहानपणापासून तिला घरात चौकशी म्हणतात, कारण ती उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडत नाही. ती रसायनशास्त्र शिकली, दोन वर्षे प्रयोगशाळेत नोकरी केली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मला बाइंडिंग करायचे आहे. दादाला आनंद लपवता येईना, म्हणून तो दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिला.

चौकशी शिवण शिकली, कापणी शिकली, पण पाठीचा सरस तिला जमेना. गुठळ्या होत. पुस्तके ताठ बसत. दादाला तो कधीच जमला नव्हता. एवढी वर्षे तो बाटलीतला तयार गोंद वापरून वेळ मारून नेत होता. शिवाय हीटरने पुठ्ठे वळत होते. चौकशीने दुकानात तापमान आणि दमटपणा मोजायची उपकरणे लावली, महिनाभर नोंदी केल्या आणि जाहीर केले की दोष हीटरचा आहे, शेगडी परत हवी. दादा म्हणाला, पडवीतल्या त्या भंगारात तुला शेगडी दिसते, तुझे डोळे तपासून घे.

तिने कुंड्या उतरवल्या. अठ्ठावीस वर्षांनी माझ्या माथ्यावर ऊन पडले.

मग तिने मला ज्या पद्धतीने सोडवले, त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. हातोडा हाती घेण्याआधी तिने प्रत्येक सांध्याचा फोटो काढला आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली. गंजून बसलेल्या बोल्टांवर आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ तेल सोडले. अकरा बोल्ट सुटले, दोन तुटले. तुटले तेव्हा ती मला सॉरी म्हणाली. मग अंगणात एक मोठा प्लास्टिकचा पिंप ठेवून त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घातला. एक भाग तारेने बांधून पाण्यात सोडला, भोवती जुन्या लोखंडी पट्ट्या उभ्या केल्या आणि बॅटरी चार्ज करायच्या यंत्राची ऋण तार माझ्या भागाला, धन तार पट्ट्यांना जोडली. माझ्या अंगावरून बारीक बुडबुडे निघू लागले. अंगाला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढले तेव्हा तांबडा गंज काळा आणि भुसभुशीत झाला होता आणि तारेच्या ब्रशने सहज निघत होता. अशा रीतीने माझे पाय निघाले, दार निघाले, जाळी निघाली. फुलाच्या पाचही पाकळ्या दिसू लागल्या.

फक्त माथा राहिला. तो पिंपात मावेना. त्यावर भेग होती, वर भट्टीच्या मातीचे ओबडधोबड लिंपण होते. चौकशीने माप घेतले आणि ठरवले की नवा पोलादी पत्रा कापून आणू, जुना माथा भंगारात देऊ. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला. भंगारवाला सोमवारी येणार होता.

तुम्हाला कळते ना, माझी काय अवस्था झाली असेल? माथा जाणार याचे मला दुःख नव्हते. पण आत्याच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार या जगात होता आणि तो त्या लिंपणाखाली होता. सोमवारी तो वितळवायला गेला असता.

रविवारी आत्या आली. तिघे पडवीत चहा पीत बसले होते. दादा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती बघ, तुझ्या आत्याची करामत. आता निघाली बिचारी भंगारात." हे तो रागाने म्हणाला नाही. त्याच्या तोंडात ते वाक्य इतकी वर्षे होते की त्याला त्याची चवही लागत नसावी.

चौकशीने ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण समोर माथा ठेवून प्रथमच ऐकत होती. तिने विचारले, पाणी नेमके कुठे पडले होते? दादा उठला आणि त्याने उजवी कड दाखवली. सरसाचे भांडे नेहमी उजवीकडेच असे, हे त्याला पक्के आठवत होते. चौकशी पाहत राहिली. भेग तर डावीकडे होती. तिने आत्याला विचारले. आत्याने कप दोन्ही हातांनी धरला होता.

"डावीकडे थेंबसुद्धा नव्हता," ती म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं. पण मी कशी बोलणार? तांब्या माझ्याच हातात होता."

चौकशीने चहा तसाच ठेवला आणि पटाशी आणली.

दुपारपर्यंत ती मातीचे लिंपण खरवडत होती. भेगेची बाजू उघडी झाली तेव्हा तिला दोन तऱ्हेच्या जागा दिसल्या. कडेकडचा भाग खरखरीत होता, दाणेदार, तांबूस गंजलेला. भोकाजवळचा दोन पेरांचा भाग मात्र गुळगुळीत, काठ गोलसर, वर काळी साय आणि सायीत रुतलेले वाळूचे कण. मोडलेल्या लोखंडात वाळू कुठून आली, हे तिला समजेना. समजत नाही हे कबूल करायला ती लाजत नाही, हा तिचा मोठा गुण. ती मागच्या गल्लीतल्या ओतारीकाकांना बोलावून घेऊन आली.

ओतारीकाका चाळीस वर्षे ओतशाळेत काम करून निवृत्त झालेले. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे ते स्वतः फार बोलत नाहीत, उत्तरे ऐकावी लागतील म्हणून. त्यांनी माथा उन्हात नेला. सोनेरी अक्षरे तपासायचे दादाचे भिंग मागून घेतले. बराच वेळ पाहिले. मग नखाने तो गोल काठ चाचपला.

"हे फुटलेलं नाही," ते म्हणाले. "हे जुळलेलंच नाही."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितले. दोन प्रवाह, थांबलेला हात, साय, साच्यातली वाळू. दादाने विचारले, मग इतकी वर्षे फुटली कशी नाही, आणि पाणी उजवीकडे पडून भेग डावीकडे कशी? काकांना दोनदा ओरडून सांगावे लागले. ते म्हणाले, दोरी ओढली की ओढतो तिथे तुटते का? विरलेल्या जागी तुटते. पाण्याने उजवी बाजू आक्रसली, तिने डावीकडच्या भागाला ओढ दिली, आणि तिथे जोड आधीच नव्हता.

आत्या खुर्चीवरून उठून जवळ आली होती. तिने ती जागा स्वतः बोट फिरवून पाहिली. आधी खरखरीत भागावरून, मग गुळगुळीत भागावरून. मग म्हणाली, पण पाणी तर मीच ओतले होते ना?

"ओतलं असशील," काका म्हणाले. "पाणी सांडलं नाही अशी शेगडी मी आजवर पाहिली नाही, बाई. तू नसतीस तर पुढच्या थंडीत दुसऱ्या कुणाचा तरी हात आला असता."

दादा आत निघून गेला. मला वाटले, चौकशी त्याच्यामागे जाईल. ती गेली नाही. तिने वहीत माथ्याचे चित्र काढले आणि त्यावर दोन्ही भाग वेगवेगळ्या रेघांनी दाखवले.

सोमवारी भंगारवाला आला आणि रिकाम्या हातांनी परत गेला. काकांनी सांगितले की माथा टाकू नका आणि जोडू पण नका, बिडाला डाग देऊन सांधणे भल्याभल्यांना जमत नाही. भेगेला जो बारीक फाटा फुटला आहे त्याच्या टोकाशी बारीक गोल छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे जाणार नाही. खालून लोखंडी पट्टी लावा, पण बोल्ट घट्ट आवळू नका. तापल्यावर तिला अंग पसरायला जागा हवी. चौकशीने तसेच केले. सांधे उष्णता सोसणाऱ्या लेपाने बंद केले, राखेचा खण सरळ केला, वरून काळे ग्राफाइटचे पॉलिश हाताने चोळले. भेगेवर मात्र तिने काही लिंपले नाही. दिसू दे, म्हणाली.

त्या आठवड्यात दुकानात कातर पडली तरी दादाने आत्याचे नाव घेतले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी माझा पहिला विस्तव ठरला होता. जुन्या शेगडीला एकदम पेटवायचे नसते. पहिल्यांदा मूठभर काटक्या, मग थंड होऊ द्यायचे, मग थोड्या जास्त. चौकशीने काटक्या रचल्या आणि काडेपेटी वडिलांपुढे धरली. दादाने ती घेतली आणि आत्यापुढे धरली. आत्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. फुटेल बिटेल, नको, असे काहीसे पुटपुटली.

दादा काडेपेटी तशीच धरून उभा राहिला.

"मी घाबरलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "बाबा अंथरुणावर, वह्या द्यायच्या होत्या, आणि शेगडी फुटली. त्याच दिवशी मी तिला जास्त पेटवलं होतं. कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं आणि तू समोर होतीस. तेच चाळीस वर्षं सांगत आलो. चुकलो मी."

आत्याने पाठीमागचे हात पुढे आणले.

"एकेचाळीस," ती म्हणाली आणि काडेपेटी घेतली.

मी तापताना सगळे श्वास धरून होते. मी स्वतःही. लोखंड पसरू लागले, भेग केसभर मिटली, पट्टी सरकली, बोल्टांनी जागा दिली. आवाज झाला नाही. ओतारीकाकांनी माझ्या कडेवर हात ठेवून मान हलवली आणि चहा मागितला.

आत्याने त्याच दिवशी ब्रश हातात घेतला, असे सांगायला मला आवडले असते. पण तसे झाले नाही. त्या रविवारी ती दाराजवळच बसली, त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी चौकशी माझ्याशेजारी बसून एका पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होती. ब्रश दोनदा बुडवत होती, चारदा फिरवत होती. आत्या पाहत होती. तिने पदर खोचला, पुन्हा सोडला. चष्मा पुसला. शेवटी खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला आणि ती येऊन भाचीच्या डोक्याशी उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांच्यावर कुंड्या ठेवू नका, ठेवल्यात तर खाली ताटली ठेवा. वर्षातून दोनदा तेलाचे बोट फिरवा. गंज वरवरचा असतो, धुण्याचा सोडा आणि थोडी वीज मिळाली की जातो. पण एखादी गोष्ट मोडली आणि जवळ कुणी उभे असले, तर त्याचे नाव घेण्याआधी एकदा भेगेच्या आत पाहा. भिंग मिळाले तर भिंगाने पाहा. समजले नाही तर जाणत्याला विचारा. घाईत काढलेले एक वाक्य माणसाच्या हातांवर एकेचाळीस वर्षे बसू शकते, आणि ते कुठल्याही सोड्याने जात नाही. ते ज्याने काढले त्यालाच परत घ्यावे लागते.

आता मला थांबले पाहिजे. आज सहा पुस्तकांच्या पाठी व्हायच्या आहेत, चौकशी नोंदवही घेऊन बसली आहे आणि आत्याने भांड्यात बोट बुडवून पाहिले आहे. सरस अजून थोडा गार आहे, असे तिचे म्हणणे आहे. तिचे खरे आहे.